चिमणी फक्त दारापतूर गेलती

न्हाय न्हाय न्हाय, पावणं, ते साफ खोटं हाय. म्हस पालिकेच्या सभागृहात गेलीच न्हवती. दारापतूर गेलती. कुणी सांगितलं तुमास्नी, एसटीत? कंडक्टरनं? — बघा आता, माणूस चंदगडास्नं एवढ्या लांबनं पोरीसाठी घर बघायला येतोय, आन त्येच्या कानात कंडक्टर म्हस घालतोय. बसा की तुमी. त्या खुर्चीत नको, तिचा पाय हालतोय, हिकडं बसा. आवं, चा ठेवा! पावणं आल्यात! — आमचं ह्ये हायत आत. चा चांगला करत्यात, माझ्यापेक्षा बरा. आन ह्यो काजू कशाला आणलासा एवढा? घरचाच? बरं, घरचा हाय तर ऱ्हाऊ दे.

राजवर्धन येतोय आत्ता. चिमणीला धुवायला तळ्यावर घेऊन गेलाय — चिमणी म्हंजे म्हस, तीच ती. मी म्हटलं, आरं आज पावणं येणार, आजच्या दिवस दारात चार बादल्या वत तिच्या अंगावर. न्हाय म्हणाला, आई, जनावराचं जिथल्या तिथं व्हायला पायजे. असा हाय बघा. जनावरावर एवढा जीव म्हंजे बायकोवर किती लावंल, तुमीच इचार करा. दूधच घालतोय, व्हय, नोकरी न्हाय, ते आधीच सांगितलंय मी फोनवर, लपवायचं काय? लपवून काय उपेग, अंगाला वास येतोयच की. दुधाचा धंदा म्हटलं की पोरीवाले चा अर्धा ठेवून उठत्यात, पावणं. गोठा मागल्या बाजूला हाय म्हटलं तरी उठत्यात. एक तर उंबऱ्यावरनंच माघारी गेला, म्हणाला चप्पल गाडीत ऱ्हायली, आणतो — अजून आणतोय. तुमी पैलंच, जे एवढं ऐकूनबी बसलायसा. म्हणून म्हटलं, ते म्हशीचं काय ते तुमच्या डोक्यात नको, मीच सांगते सगळं खरं खरं.

पण त्येच्या आधी पोराचं सांगते. निर्व्यसनी हाय. आन स्वच्छता एवढी! त्या बघा अंगणात दोन बादल्या, हिरवी आन निळी. हिरवी ओल्या कचऱ्याला, निळी सुक्याला. सगळं तोच करतोय, मी हात लावत न्हाय. आधी जेवलेलं ताट उचलत न्हवता, आता बिस्किटाच्या पुड्यांची कागदं धुऊन दोरीवर वाळत घालतोय. चिमटा लावून! शांपूची पुडी असती की न्हाय एवढुशी, ती सुद्धा. गल्लीतल्या बायका म्हणत्यात आक्का, तुझ्या दोरीवर हे काय वाळतंय. म्हटलं, संस्कार वाळत्यात. तुमची स्नेहल ह्या घरात आली तर तिला कचऱ्याला बोट लावायला लागायचं न्हाय, एवढं मी लिहून देते.

तर म्हस. चिमणी नाव ह्येंनी ठेवलं. रेडकू असताना एवढुशी हुती, चुलीपाशी येऊन बसायची. आता गोठ्यात घ्यायची तर आधी मान तिरकी करून एक शिंग आत, मग दुसरं, मग उरलेली म्हस. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवत्यात — तुमच्याकडं न्हाय? बघण्यासारखं असतंय. शिंगास्नी रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, आन पुढं मालक बुलेटवर आन मागनं म्हस. दावं न्हाय, काठी न्हाय. मालकानं हॉर्न दिला की म्हशीनं सुटायचं. चिमणी अशी सुटती, पावणं, की एकदा राजवर्धनलाच बुलेट सोडून गटारीत उडी मारायला लागली. पैला नंबर आलाय. ती ढाल त्याचीच, टीव्हीवर ठेवलीया ती. टीव्ही दिसत न्हाय तिच्यापायी निम्मा, पण काढायची न्हाय म्हणून सांगितलंय ह्येंनी.

आन झालं काय, आमच्या नगरपरिषदेनं नवीन घंटागाड्या आणल्या कचऱ्याला. नाव घंटागाडी, घंटा कुटं न्हाय, टपावर कर्णा. कर्ण्यातनं आमच्या नगराध्यक्षा अरुणाताईंचा आवाज — नागरिकहो, ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका कचरा निळ्या बादलीत, आपले शहर आपला अभिमान — आन मधी मधी हॉर्न. आन तो हॉर्न आमच्या बुलेटचाच बघा. सेम टू सेम. डोळं झाकून सांगा म्हटलं तर मी सुद्धा फसले असते.

आमच्या वॉर्डाला गाडी आली त्येच्यावर एक पोरगी. स्वप्नाली. कबनूरची. बाप तिकडं यंत्रमागावर कामाला, ही हितं मावशीकडं येऊन ऱ्हायली, लायसन काढलं आन बसली स्टेअरिंगवर. पोरगी न्हवं, तोफ. पैल्याच दिवशी माझी बादली परत दिली! आक्का, म्हणाली, ह्यात उष्टं हाय, काच हाय आन एक चप्पल हाय, हे असं मी न्हेणार न्हाय. गल्लीसमोर, पावणं. मी म्हटलं, न्हे बाई, तिकडं जाऊन सगळं एकच व्हायचंय. न्हाय म्हणाली. मी बी काय ऐकणारी न्हाय, बादली दारात तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी आली, बादलीत डोकावली, नमस्कार आक्का म्हणाली, आन गेली. तिसऱ्या दिवशी तसंच — नमस्कार आक्का. त्या बादलीला असला वास सुटला की म्हस तिच्याकडं पाठ करून बसायला लागली. शेवटी म्या माघार घेतली. म्हंजे राजवर्धननं घेतली. त्येनं नाकाला टॉवेल बांधून समदं वेगळं केलं, आन सकाळी स्वतः जाऊन तिच्या हातात दिलं. तवापासनं ही स्वच्छता आली बघा त्येच्यात. कुणामुळं का येईना, आली.

आन मग एक दिवस सकाळी गाडी गेली, आन गोठ्यात बघितलं तर म्हस न्हाय. दावं हाय, म्हस न्हाय. बाहेर येऊन बघते तर फुडं घंटागाडी, मागं चिमणी, तिच्या मागं राजवर्धन, आन त्येच्या मागं गल्लीतली कुत्री. अख्ख्या पेठंतनं वरात. गाडी थांबली की चिमणी थांबायची, ओल्या कचऱ्यात तोंड घालायची. गाडी हालली की ही हालायची. तात्यासोंचं भांड्याचं दुकान हाय पेठंत, त्येंनी त्या दिवशी शेजारचा गाळा जोडून नवीन शोरूम काढलेलं. दाराला केळीचं दोन खांब बांधलेलं, गुरुजी आत बसलेलं. गाडी नेमकी तिथं थांबली. एक खांब आरती व्हायच्या आत गेला, दुसरा प्रसाद वाटताना. तात्यासो सज्जन माणूस, म्हणाले खाऊ दे, मुकं जनावर हाय, पैलं गिऱ्हाईक म्हणू तिला. पण त्येंच्या सुनंनं व्हिडिओ काढला, आन तो गेला सगळीकडं. त्यो कंडक्टरनं बघितला असणार.

आता रोजचंच झालं म्हणा की. आन पावणं, खरं सांगते, सगळेच काय वैतागलेले न्हवते. बायका चिमणीसाठी भाजीची देठं, मटाराची टरफलं, कोबीचा पाला निवडून वेगळा ठेवायला लागल्या. प्लास्टिक एक तुकडा न्हाय, का तर चिमणीच्या पोटात जाईल. अरुणाताईंनी कर्ण्यातनं घसा फोडून जे झालं न्हाय ते म्हशीनं तोंड न उघडता केलं. म्हंजे उघडलं, पण बोलली न्हाय. पण दुसऱ्या बाजूनं तक्रारी. म्हस रस्त्यात उभी ऱ्हायली की रिक्षा अडकत्या, शाळंची गाडी अडकती, पोरं खाली उतरून तिच्यासंगं फोटो काढत्यात आन मास्तर कावतोय. आन नगरपरिषदेम्होरं नवीन फरशी बसवलेली, त्येच्यावर रोज एकाच जागी — आता तुमी चा घेणार, जाऊ दे. तर कुणीतरी अर्ज टाकला. आमच्या वॉर्डातील चिमणी रोज सकाळी घंटागाडीच्या मागे लागते, लहान मुले घाबरतात, तरी योग्य तो बंदोबस्त व्हावा.

मुख्याधिकारी साहेब नवीन आलेलं, अनेकांत साहेब म्हणून, तरणं हायत, परगावचं. त्येंना काय ठावं चिमणी कोण? त्येंनी त्या अर्जावर शेरा मारला — पक्षीमित्रांना कळवावे, दाणा-पाण्याची सोय करावी. न्हाय, हसू नका, खरंच! दुसऱ्या दिवशी पालिकेचा पिराजी आमच्या दारात, एका हातात मातीची वाटी, दुसऱ्या हातात मूठभर बाजरी. आक्का, म्हणाला, चिमणी कुटाय? म्हटलं, ती काय बसलीया. त्येनं चिमणीकडं बघितलं, बाजरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आदेश हाय म्हणाला, ठेवायला लागंल. ठेवली. बाजरी एका जिभंत गेली, वाटी पायाखाली गेली, आन पिराजीनं फोटो काढून साहेबास्नी पाठवला — कार्यवाही पूर्ण. तवा कुटं साहेबास्नी कळलं चिमणी केवढी हाय ती.

मग सुरू झालं बघा. आधी हॉर्न बदलला. त्या जागी कसलंतरी बारक्या पोराच्या खेळण्यागत संगीत लावलं. चिमणी संगीतामागं गेली. मग गाडी उलट्या बाजूनं आणली, गल्लीच्या तळापास्नं वर. चिमणी वरनं खाली जाऊन तिला गाठायला लागली. मग गाडीची वेळच बदलली, सकाळची दुपार केली, गावात कुणाला सांगितलं न्हाय, मला सुद्धा कळलं न्हाय, मी बादली घेऊन सकाळी उभी. पण चिमणी दुपारपतूर गप बसली आन बरोब्बर गाडीच्या टायमाला गेली! मी ह्येंना म्हटलं, ह्या म्हशीत काहीतरी दैवी हाय, साधं जनावर न्हवं. हळदकुंकू लावलं मी तिला. अनेकांत साहेबांनी तंबी दिली, दावं चालणार न्हाय, साखळी घाला. साखळी घातली. साखळीला कुलूप घातलं. किल्ली राजवर्धनजवळ दिली, म्हटलं तुझ्याशिवाय कुणाच्या हातात जाऊ देऊ नको. तरीबी सुटली! कुलूप तसंच बंद, न मोडता, न तोडता, बाजूला ठेवलेलं, आन साखळी नीट गुंडाळून कोपऱ्यात. तुमीच सांगा, दैवी न्हाय तर काय?

आन मग लागली विशेष सभा. आमास्नी मालक म्हणून बोलवलं, ह्येंना आन मला, आन स्वप्नालीला गाडीची चालक म्हणून. विषय क्रमांक चार, चिमणी. पैले तीन विषय कुणी बोललंच न्हाय, मंजूर मंजूर मंजूर, सगळं चिमणीसाठी बसलेलं. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक अमरसिंहदादा उठले, म्हणाले, ही म्हस पालिकेनं सेवेत घ्यावी, ओला कचरा जागच्या जागी संपवती, असला प्रकल्प अख्ख्या जिल्ह्यात न्हाय. लगेच समोरचे उठले — म्हंजे तुमच्याच वॉर्डाला म्हस? आमचा वॉर्ड काय मेलाय? प्रत्येक वॉर्डाला एक म्हस मिळायला पायजे, न्हायतर आमी सभात्याग करणार. एक जण म्हणाला आमाला दुधाचीच पायजे, भाकड न्हाय चालायची. एक जण म्हणाला आमच्या वॉर्डाला रेडा दिला तर तो कमीपणा समजला जाईल, आत्ताच सांगून ठेवतो. अनेकांत साहेब पुस्तक उघडून सांगत हुते, सन्माननीय सदस्य, अधिनियमात म्हशीची तरतूद नाही. अमरसिंहदादा म्हणाले, साहेब, तरतूद न्हाय म्हंजे मनाई बी न्हाय की! बाकं वाजवली सगळ्यांनी. मी बी वाजवलं.

आन त्या टायमाला चिमणी आली. दारापतूर. — आता सांगितलं की, दारापतूर. व्हय, शिंगं जरा आत हुती. शिंगं आत म्हटल्यावर डोकं बाहेर कसं ऱ्हाणार, डोकं आत हुतं. आन पाठीमागनं माणसांची गर्दी झाली, मग जागा नगं का मागं सरायला — बरं, आली आत. पूर्ण आली. चाकाच्या खुर्चीसाठी पालिकेनं नवीन उतार बांधलाय, त्येच्यावरनं पैल्यांदा कोण वर आलं असंल तर आमची चिमणी. सत्काराचा गुच्छ हुता टेबलावर, तो खाल्ला. टेबलावरच्या हिरव्या कापडाची झालर खाल्ली. आन विषयपत्रिका हुती साहेबांच्या म्होरं, ती उचलली, म्हंजे तिचाच विषय तिनं चर्चा चालू असताना खाल्ला. साहेब टेबलावर चढले. सन्माननीय सदस्य खिडकीत. आन अरुणाताई! अरुणाताई जागच्या हालल्या न्हाईत. त्या बी दूधवाल्यांच्या घरातल्या लेक, त्येंनी खाली वाकून कास बघितली आन मला इचारलं — आक्का, एका टायमाला किती देती ओ?

मग चिमणी सगळ्यास्नी ओलांडून कुटं गेली म्हणाल? थेट स्वप्नालीकडं. कोपऱ्यात उभी हुती ती पोरगी, तिच्या खांद्यावर ह्ये एवढं डोस्कं टेकवलं आन डोळं मिटलं. पोरगी हालली न्हाय, घाबरली न्हाय, कानामागं खाजवत उभी ऱ्हायली. तेवढ्यात राजवर्धन आला मागनं, हातात दावं. नवीन शर्ट, इस्त्रीचा, केसं विंचरलेली. म्हस धरायला! सगळ्या सभेदेखत ती पोरगी त्येला म्हणती, तुला दावं घट्ट बांधायला येत न्हाय काय रे? आन ह्यो हसतोय. मोठ्यानं. माझ्यासमोर कवा असं हसल्यालं मला ठावं न्हाय, जन्मापास्नं गंभीर पोरगं. मी मनात म्हटलं, म्हस सापडली म्हणून आनंद झाला आसंल.

तर ठराव झाला. म्हशीला हात लावायचा न्हाय, लोकांच्या भावना हायत, पण चालक बदलायची. स्वप्नालीला टाकली तिकडं, स्टँडच्या पल्याडच्या वॉर्डात, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्या गाडीवर पिराजी आला. गाडी तीच. कर्णा तोच. हॉर्न सुद्धा जुना परत लावला, बुलेटचा. आन चिमणी? ढिम्म. कान सुद्धा हालवला न्हाय. पिराजी बिचारा दाराम्होरं थांबून हॉर्न वाजवतोय, वाजवतोय — त्येला वाटलं हुतं आपल्या बी मागं येईल, त्येनं कोबी आणलेला घरनं. ही रवंथ करत बसून ऱ्हायली. म्हंजे हॉर्नचं कायच न्हवतं बघा. त्या पोरीचाच लळा लागला हुता जनावराला.

काय म्हणालासा? — न्हाय, काय म्हणालासा ते परत म्हणा. "कचरागाडीवरल्या बायका तसल्याच"? तसल्या म्हंजे कसल्या ओ पावणं? न्हाय, सांगा की. तुमचा कचरा कोण न्हेतंय चंदगडात, वारं? मी पावसाळ्यात हितंच, ह्या पायरीवर घसरले, मनगट मोडलं माझं. ह्ये दूध घालायला गेलेले, राजवर्धन डेअरीत. गल्ली सगळी खिडकीतनं आगं बाई आगं बाई करत हुती. त्या पोरीनं गाडी मधी रस्त्यात सोडली, मागं वाहनं बोंबलत्यात, तिकडं बघितलं न्हाय. पुढची सीट स्वतःच्या ओढणीनं पुसली, मला उचलून बसवली, आन घेऊन गेली दवाखान्यात. घाईत तिला तो कर्णा बंद करायचा सुचला न्हाय! अख्ख्या पेठंतनं मी हात धरून वरडतीय, आन डोक्यावर अरुणाताई — ओला कचरा हिरव्या बादलीत. लोकं बादल्या घेऊन बाहेर. एकानं तर माझ्या मांडीवर पिशवी ठेवली. ती पोरगी खिडकीतनं त्येच्यावर असली वरडली, असली वरडली, मला माझ्या हाताची कळ इसरायला झाली. दवाखान्यात माझ्याजवळ बसली, गार पाणी पाजलं, म्हणाली आक्का, भिऊ नका, आन बादलीत काच टाकू नका. तिथल्या नर्सनं इचारलं, पेशंटची तू कोण? तर म्हणाली, सध्या तरी कोण न्हाय.

व्हय. असंच म्हणाली. सध्या तरी कोण न्हाय.

सध्या तरी.

…थांबा हं जरा, पावणं. चा येतोय.

सध्या तरी म्हंजे काय? आन राजवर्धन त्या दिवशी दवाखान्यात माझ्या आधी — म्हंजे मला प्लास्टर घालून बाहेर आणली तर तो बाकड्यावर बसलेला. त्येला कुणी कळवलं? मी न्हाय कळवलं. ह्येंच्याजवळ फोन न्हवता. डेअरीचा नंबर तिला कुठला ठावं? — आन किल्ली तर त्येच्याचजवळ हुती. कुलूप न मोडता बाजूला. साखळी गुंडाळून. म्हस काय साखळी गुंडाळून ठेवती व्हय? हळदकुंकू लावलं मी तिला! आन वेळ बदललेली मला ठावं न्हाय, गावाला ठावं न्हाय, म्हशीला कशी ठावं असंल? तिला कोण सांगणार? …नवीन शर्ट. इस्त्रीचा. आन मी मनात म्हणते, म्हस सापडली म्हणून हसतोय.

पावणं, तुमी स्टँडवर उतरलासा न्हाय का? त्येच्या मागंच तळं हाय. आमच्या परड्यात हीर हाय ओ, पाण्यानं भरलेली, दारात नळ हाय, आन ह्यो म्हस धुवायला गावाच्या त्या टोकाला जातोय, रोज. जनावराचं जिथल्या तिथं व्हायला पायजे म्हणून. तिथं म्हस दिसली काय तुमास्नी, तळ्याकाठी? — दिसली. आन गाडी? कर्ण्याची? — हुती. आन पोरगं काय करत हुतं? निळा शर्ट. — हुबं हुतं. म्हस कोण धूत हुतं मग? — ती धूत हुती? आन ह्यो निस्ता बघत हुबा हुता? हसत?

आवं! आवं, बाहेर या जरा. चा ऱ्हाऊ द्या खाली. तुमास्नी म्हाईत हुतं? — माझ्याकडं बघा. राजूचं आन त्या कबनूरच्या पोरीचं, तुमास्नी म्हाईत हुतं? — बघा, पावणं, कपाकडं बघत्यात. म्हंजे म्हशीला ठावं, ह्येंना ठावं, त्या नर्सला बी ठावं, आन मी हितं तुमास्नी घर दाखवतीया, कागदं वाळत घातल्याली दाखवतीया! मला सांगायचं न्हाय काय? मी काय खाल्लं असतं त्येला? बादलीवरनं भांडले म्हणून? आवं, भांडण वेगळं आन… तिनं माझी बादली परत दिली तवाच मी ह्येंना म्हटलेलं, ह्या पोरीला सासू मिळाली तर सासूची काय धडगत न्हाय. म्हटलेलं का न्हाय ओ? मला काय ठावं ती सासू म्हंजे…

न्हाय, मी रडत न्हाय. चा ऊन हाय लई.

पावणं, राग मानू नका. तुमची स्नेहल गुणाची पोरगी आसंल, फोटोत तर लक्ष्मी दिसती. तिला चांगलं मिळंल, गोठा नसल्यालं मिळंल. मगाशी जरा तुमच्यावर वरडले, ते बी पोटात घ्या. पण तसल्या म्हणू नगा परत कुणाला. घ्या, चा प्या तेवढा, अर्धा ठेवून उठायचं न्हाय हां, सांगून ठेवते. काजू? घेऊन जावा की. — ऱ्हाऊ दे म्हणताय? मोठं मन हाय तुमचं.

चंदगडची गाडी लागली आसंल बघा, उठा. आन स्टँडवर जाताना तेवढं तळ्याकडनं जावा. राजवर्धनला सांगा, आईनं बोलवलंय. दोघास्नी. — आता म्हस धरून दोघं न्हवं ओ! माणसं दोघं. म्हस येती तिची ती. जावा.